वाचनालयाच्या जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट २२: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे मायक्रोसॉफ्टने पुष्कळ आधी जाहीर केले होते. आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मात्र हा विषय कार्यकारी मंडळापुढे आला तो त्या वर्षीच्या जानेवारीत. वाचनालयात तीन डेस्कटॉप संगणक आहेत. एक देवघेवीच्या टेबलावर, एक कार्यालयात आणि एक वाचकांसाठी. तिन्ही २०१४ साली एकदमच घेतलेले असून त्यांत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचे तिन्ही संगणक त्या निकषात बसत नव्हते. तीन नवे संगणक घ्यायचे तर त्या वर्षीच्या ग्रंथखरेदीला मोठी कात्री लागली असती. बंद पडलेले नसताना, केवळ एका तारखेपायी ते भंगारात घालायला मन तयार होईना. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांपैकी दोन संगणकांवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.१ ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवली आणि पुढे त्यांवर २२.२ ही आवृत्ती घेतली. त्या अनुभवाचे हे परीक्षण आहे.

माझे मत आधीच सांगतो. लेखन, वाचन, पत्रव्यवहार आणि ब्राउझर एवढ्यावर ज्याचे काम भागते, त्याच्यासाठी ही ऑपरेटिंग सिस्टीम पूर्णपणे विश्वासार्ह आहे. परंतु ती बसवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. खरे काम आपल्या जुन्या फाइली, त्यांतले फाँट आणि संगणकापुढे बसणारी माणसे यांच्यापाशी सुरू होते, आणि तेथे कसूर केली तर उत्तम प्रणालीही महिनाभरात काढून टाकावी लागते.

मिंटची ओळख थोडक्यात करून देतो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा मध्यवर्ती भाग (कर्नल), जाहीर केला आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली. या दोहोंवर उभ्या राहिलेल्या अनेक वितरणांपैकी, म्हणजे वापरायला तयार अशा प्रणालींपैकी, मिंट हे एक असून क्लेमाँ लफेव्र यांनी ते २००६ मध्ये सुरू केले. सध्याची २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या वितरणाच्या २४.०४ या आवृत्तीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशी तिची तीन रूपे मिळतात. आम्ही कार्यालयात सिनॅमन आणि वाचकांच्या संगणकावर हलके असलेले एक्सएफसीई घेतले. सी-डॅकने तयार केलेली, डेबियन या वितरणावर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही विचारात होती. पण मिंटची पडद्यावरची मांडणी, म्हणजे खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू, आमच्या कर्मचाऱ्यांच्या सवयीला अधिक जवळची वाटली. अडचण आली तर महाजालावर तिची चर्चा आधीच झालेली सापडण्याचा संभवही मिंटच्या बाबतीत मोठा असतो. ती फुकट मिळते हे खरे, पण मंडळाला पटवताना मी ‘फुकट’ हा शब्द टाळून ‘मुक्त’ हा शब्द वापरला. तिचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि दुसऱ्याला देता येतो, हे तिचे वैशिष्ट्य मला पैशांच्या बचतीपेक्षा मोलाचे वाटते.

बसवण्यापूर्वी एक आठवडा आम्ही मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिली, आणि ज्यांना हा बदल करायचा आहे त्यांनी ही पायरी मुळीच गाळू नये. जवळपास तीन जीबीची फाइल उतरवून घ्यायची, ती अखंड उतरली आहे याची पडताळणी करायची, पेन ड्राइव्हवर चढवायची आणि संगणक सुरू होताना एफ १२ दाबून त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. हार्ड डिस्कला धक्का न लावता संपूर्ण प्रणाली डोळ्यांपुढे उभी राहते. (संगणकागणिक ही कळ वेगळी असू शकते.) या आठवड्यात आवाज, पडद्याची स्पष्टता आणि स्कॅनर यांबाबत काहीच अडचण आली नाही. मात्र वाचकांच्या संगणकाला लावलेला एका कंपनीचा स्वस्तातला यूएसबी वाय-फाय डोंगल मिंटने ओळखला नाही, कारण त्यातल्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे सॉफ्टवेअर, लिनक्सच्या गाभ्यात नव्हता. तो खटाटोप सोडून देऊन आम्ही राउटरपासून सरळ वायर ओढली. प्रिंटरचे थोडे अधिक जिकिरीचे झाले. नवे, जाळ्यावर जोडलेले बहुतेक प्रिंटर आता वेगळ्या ड्रायव्हरविना चालतात. पण आमच्याकडचा जुना यूएसबी लेझर प्रिंटर छपाईचे बरेचसे काम संगणकाकडूनच करून घेणाऱ्या प्रकारातला निघाला आणि त्याचा ड्रायव्हर शोधून, बसवून पहिला कागद बाहेर येईपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. तात्पर्य, आपला प्रिंटर आणि डोंगल यांचे क्रमांक लिहून घेऊन ते लिनक्सवर चालतात का, हे आधी पाहावे.

प्रत्यक्ष बसवण्यास अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला. त्याच वेळी आम्ही दोन्ही संगणकांत रॅम आठ जीबी केली आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातली. पूर्वी कळ दाबल्यापासून काम सुरू करण्याजोगी स्थिती यायला तीन मिनिटांच्या वर वेळ लागे. आता अर्ध्या मिनिटात फायरफॉक्स उघडता येते. याचे सगळे श्रेय मिंटला देणे अन्यायाचे होईल, कारण नव्या डिस्कचा त्यात मोठा वाटा आहे. पण चार जीबी रॅमवरही, डिस्क बदलण्याआधी, एक्सएफसीईवर कॅटलॉग पाहणे आणि पत्र लिहिणे सुरळीत चालत होते, हे आम्ही पाहिलेले आहे.

कार्यालयातले लिपिक काका तीस वर्षे वाचनालयात आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, ‘‘सर, माझा डी ड्राइव्ह कुठे गेला?’’ हा प्रश्न मी वरवरचा मानत नाही. त्यांच्या दृष्टीने सभासदांची यादी, पावत्या आणि वार्षिक अहवाल ‘डी मध्ये’ होते, आणि लिनक्समध्ये अशी अक्षरांनी ओळखली जाणारी घरे नसून सर्व काही एकाच झाडाच्या फांद्यांसारखे मांडलेले असते. मी त्यांच्या होम फोल्डरमध्ये ‘वाचनालय’ नावाचे फोल्डर करून त्यात जुन्या ‘डी’मधली रचना जशीच्या तशी ठेवली आणि त्याची खूण फाइलींच्या खिडकीच्या डाव्या पट्टीत लावून दिली. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा आला नाही. प्रणाली बदलताना माणसाची पायवाट मोडू नये, एवढी काळजी घेतली तर निम्मा विरोध आपोआप मावळतो.

आता मराठीविषयी, कारण आपल्या वाचकांच्या दृष्टीने हाच भाग निर्णायक आहे. मिंटमध्ये मराठी लिहिण्यासाठी काहीही उतरवावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट या भागात जाऊन भारतीय मांडण्यांतून मराठी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी निवडली आणि इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी एक कळ ठरवली की काम झाले. ज्यांचा हात उच्चारानुसारी टंकनावर बसला आहे त्यांच्यासाठी कगप ही फोनेटिक मांडणी तेथेच आहे, आणि जुन्या टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांना आयबस व एम१७एन ही जोडसाधने बसवून टाइपरायटरची मांडणीही घेता येते. इनस्क्रिप्टमध्ये एन या कळेवर ‘ल’ आणि शिफ्टसह ‘ळ’, जे या कळेवर ‘र’ आणि शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो. हा ‘ऱ’ किती महत्त्वाचा आहे, हे कॅटलॉग करताना कळले. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही नोंदींत ‘ऱ’ वापरून, काहींत ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून, तर काहींत सरळ ‘दुसर्या’ असा चुकीचा लिहिलेला होता. पहिले दोन पडद्यावर अगदी सारखे दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना वेगळे शब्द मानतो आणि पुस्तक कपाटात असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर देतो. हा दोष ऑपरेटिंग सिस्टीमचा नव्हे, पण स्थलांतराच्या निमित्ताने तो उघडा पडला. शोधा-आणि-बदला वापरून आम्ही सर्व नोंदी एकाच रूपात आणल्या आणि शिफ्ट-जे ही खूण कागदावर लिहून टेबलावर चिकटवली.

मिंटचे मेनू मराठीतही करता येतात, पण हे भाषांतर स्वयंसेवकांच्या हातून होत असल्याने सर्वत्र पुरे झालेले नाही आणि मध्येमध्ये इंग्रजी वाक्ये राहतात. वाचकांच्या संगणकावर आम्ही मराठी ठेवले आहे, कार्यालयात काकांच्या आग्रहावरून इंग्रजी. ज्यांना मुक्तस्रोत चळवळीला हातभार लावायचा आहे आणि प्रोग्रॅमिंग येत नाही, अशा मराठी वाचकांनी या भाषांतराकडे अवश्य पाहावे, असे मनापासून सुचवतो.

लिब्रेऑफिस मिंटसोबतच येते. ओपनऑफिसपासून २०१० मध्ये वेगळा झालेला हा संच आमच्या सर्व कार्यालयीन कामाला पुरला. मात्र मराठीसाठी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. एक, भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’ची (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांतील मजकुराची) मूळ भाषा मराठी करावी. फाँटमध्ये सोय असेल तर यामुळे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे उमटतात. दुसरी, परिच्छेदाच्या शैलीत रोमन आणि देवनागरी या दोहोंचे फाँट व आकार स्वतंत्रपणे ठरवावेत, कारण लिब्रेऑफिस त्यांची नोंद वेगवेगळी ठेवते. हे ठाऊक नसल्याने आमच्या पहिल्या सभेच्या नोटिशीत मराठी मजकूर मोठा आणि त्यातला इंग्रजी ई-मेल पत्ता बारीक छापला गेला होता.

बाहेरून येणाऱ्या वर्डच्या फाइली उघडतात, पण त्या जशाच्या तशा दिसतीलच असे नाही. मंगल, निर्मला यूआय आणि कोकिळा हे फाँट विंडोजसोबत येतात. ते मिंटमध्ये नसल्याने त्यांच्या जागी दुसरा फाँट बसतो, ओळींची लांबी बदलते आणि एका पानाचे पत्र दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते. अनुदानाच्या प्रस्तावासारख्या तक्त्यांनी भरलेल्या फाइलीत हे फार खटकते. यावर आम्ही काढलेला मार्ग साधा आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट खुल्या परवान्याखाली मिळतो, तो आम्ही मिंट आणि विंडोज अशा दोन्ही प्रकारच्या संगणकांवर बसवला आणि वाचनालयाची सर्व पत्रे त्यातच करायचे ठरवले. ज्यांना काही दुरुस्ती करायची नाही त्यांना पीडीएफच पाठवतो. रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित’ आणि मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला ‘शोभिका’ हेही अशाच परवान्याचे आहेत; संस्कृत अवतरणे असतील तर शोभिका फारच देखणा उमटतो.

सर्वांत अवघड गाठ मात्र युनिकोडपूर्व फाँटांची होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी, आज सर्वत्र चालणारी पद्धत. आमच्या दाखल नोंदवहीच्या २००३ ते २०११ या काळातील फाइली अशाच एका फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. त्या मिंटवर उघडल्या तेव्हा इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग दिसली, आणि ग्रंथपाल मॅडमचा चेहरा उतरला. त्यांना वाटले, नोंदी गेल्या. नोंदी गेल्या नव्हत्या. जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत, आणि ती चित्रे दाखवणारा फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. विंडोजवर तो फाँट असल्यामुळे वीस वर्षे हे झाकलेले राहिले होते. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण एका फाँटचा परिवर्तक दुसऱ्या फाँटला चालत नाही, कारण प्रत्येकाची चित्रांची मांडणी निराळी. शिवाय क्रमही उलटा असतो. ‘निर्मिती’ या शब्दात युनिकोड ‘न’ आधी आणि वेलांटी नंतर साठवते, जुना फाँट वेलांटी आधी. युनिकोड रफाराचा ‘र’ ‘म’च्या आधी ठेवते, जुना फाँट रफार ‘म’च्या नंतर. परिवर्तकाने यांपैकी एक उडी चुकवली की ग्रंथनाम बिघडते. श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या संचांवर वर्षानुवर्षे काम करणारे आपल्याकडील डीटीपी व्यावसायिक आणि छोटे प्रकाशक लिनक्सकडे का वळत नाहीत, याचे एक मोठे कारण मला येथे उमगले. त्यांचे सगळे भांडवल त्या फाइलींत आहे, आणि ती साधने विंडोजसाठी बनलेली आहेत.

वाचकांच्या संगणकाबाबत सांगण्यासारखी एक गोष्ट म्हणजे पेन ड्राइव्ह. महाविद्यालयातली मुले प्रकल्पाची पाने छापायला येतात आणि त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये बहुधा शॉर्टकट व्हायरस असतो. मूळ फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट पुढे करणारा हा प्रकार पूर्वी आठवड्यातून एकदा तरी आमचा संगणक बंद पाडी. एका मुलीचा प्रकल्प असाच ‘गेला’ होता आणि ती रडवेली होऊन आली होती. मिंटवर पेन ड्राइव्ह लावताच लपवलेले फोल्डर नेहमीसारखे दिसले, आतल्या सर्व फाइली शाबूत होत्या, आणि विंडोजसाठी लिहिलेला तो शॉर्टकट तेथे निर्जीव पडून होता. याच संगणकावर आम्ही पाहुण्यांसाठीचे सत्र सुरू ठेवले आहे. वाचक बाहेर पडला की त्याने टाकलेले पासवर्ड आणि उतरवलेल्या फाइली पुसल्या जातात. सार्वजनिक वाचनालयाला याहून उपयुक्त सोय कोणती असेल, मला सांगता येणार नाही.

देवघेवीसाठी आम्ही कोहा वापरतो. न्यूझीलंडमधील एका वाचनालयासाठी तयार होऊन २००० मध्ये सुरू झालेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असल्याने खाली कोणती प्रणाली आहे याने काहीच फरक पडला नाही, आणि बारकोड स्कॅनरही कीबोर्डसारखाच ओळखला जातो.

अद्यतने मिंटचा अपडेट मॅनेजर दाखवतो आणि केव्हा घ्यायची हे आपण ठरवतो. काम चालू असताना संगणक स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही. अद्यतने घेण्याआधी टाइमशिफ्ट या मिंटमधल्या साधनाने प्रणालीची प्रतिमा घेऊन ठेवली की बिघाड झाल्यास आदल्या दिवशीच्या स्थितीत परतता येते. येथे एक इशारा द्यायला हवा. टाइमशिफ्ट प्रणाली सांभाळते, आपली कागदपत्रे नव्हे. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यावीच लागते, आणि आमच्याकडे ती दर शनिवारी घेतली जाते.

तिसऱ्या संगणकाचे काय, असे विचारले जाईल. हिशेबाचे काम टॅली प्राइमवर चालते आणि ते विंडोजसाठी आहे. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनसारख्या साधनातून ते ओढूनताणून चालवण्याचा सल्ला काही जण देतात, पण लेखापरीक्षणाला सामोरे जाणाऱ्या संस्थेने हिशेबाच्या बाबतीत असा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डिजिटल सही करण्याच्या यूएसबी टोकनचेही तसेच. काहींचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण ज्या संकेतस्थळावर सही करायची तेथील साधनही लिनक्सवर चालले पाहिजे. म्हणून मंडळाने एकच नवा विंडोज ११ संगणक घेतला आणि हिशेब व सही त्यावर ठेवली. तीन नव्या संगणकांऐवजी एक, आणि उरलेले पैसे ग्रंथखरेदीला, हा हिशेब सर्वांना पटला.

मोठ्या प्रमाणावर हा बदल करणाऱ्यांचे अनुभवही याच मुद्द्यापाशी येतात. म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेऊन २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. त्या वादात बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण हा मुद्दा वारंवार निघाला. उलट केरळने शाळांतील माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेताना शिक्षकांचे प्रशिक्षण, मल्याळम साधने आणि पाठ्यक्रम हे सगळे बरोबर घेतले, आणि तेथे ती व्यवस्था टिकून आहे. छोट्या संस्थेतही तसेच आहे. पहिले तीन महिने मी रोज संध्याकाळी अर्धा तास वाचनालयात बसत होतो. पुढे एकही प्रश्न न येणारे आठवडे जाऊ लागले. जेथे असे कोणी विचारायला जवळ नाही, तेथे मी आज तरी मिंटची शिफारस करणार नाही.

जुन्या नोंदींचे रूपांतर अजून चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी काका कागदावरची दाखल नोंदवही मोठ्याने वाचतात आणि ग्रंथपाल मॅडम पडद्यावरचे ग्रंथनाम, लेखक आणि दाखल क्रमांक ताडून पाहतात. २००३ ते २००६ ही वर्षे पुरी झाली असून सध्या २००७ मधले कवितासंग्रह चालू आहेत, त्यांत रफार फार आहेत.